प्रश्न मुलाला कळला का? चिंतेच्या प्रश्नावल्या मराठीत आणणाऱ्यांना खुलं पत्र

मुलांमधल्या चिंताविकारांच्या प्रश्नावल्या मराठीत आणणारे संशोधक, त्यांचे गाइड आणि त्यांचे प्रबंध तपासणारे परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. तुमचे फॉर्म मुलांपर्यंत पोचतात ते माझ्यासारख्यांच्या हातून. वर्गात बाकांमध्ये अंतर ठेवून मुलांना बसवणं, पेन्सिली वाटणं, 'यात बरोबर-चूक काही नसतं' असं चारचारदा सांगणं आणि शेवटी गठ्ठे मोजून परत देणं हे आमचं काम. मुलं प्रश्न वाचतात तेव्हा त्यांचे चेहरे आम्हाला दिसतात. तुमच्यापर्यंत आकडेच येतात. म्हणून हे पत्र.

एकदा मी नऊ-दहा वर्षांच्या मुलांकडून 'स्केअर्ड' या प्रश्नावलीचं एक मराठी रूप भरून घेत होते. त्यात एक वाक्य होतं : 'घाबरल्यावर मला गोष्टी खऱ्या नाहीत असं वाटतं.' एका मुलाने आधी शून्याला, म्हणजे 'खरं नाही'ला, खूण केली, थोडा थांबला, ती खोडरबराने नीट खोडली आणि दोनाला, म्हणजे 'अगदी खरं'ला, केली. इतक्या विचारपूर्वक बदल केला म्हणून मी वाकून हळूच विचारलं, काय आठवलं रे? तो म्हणाला, 'भुताच्या गोष्टी खऱ्या नसतातच ना. मला भीती वाटली की मी मनात तेच म्हणतो, गोष्टी खऱ्या नसतात.'

मूळ प्रश्न वेगळाच आहे. अतिशय घाबरल्यावर काही जणांना आजूबाजूचं जग परकं, स्वप्नातल्यासारखं वाटू लागतं. ते पॅनिकचं, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचं, एक लक्षण आहे आणि ते शोधायला हे वाक्य ठेवलेलं आहे. त्या मुलाने मात्र स्वतःला धीर देण्याची आपली युक्ती मला सांगितली होती. थोड्या वेळाने मी त्याला साध्या शब्दांत विचारलं, सगळं स्वप्नात चाललंय असं कधी वाटतं का? त्याने मान हलवली, नाही. तरी फॉर्मवर दोनच राहिले, कारण माझ्या हातातल्या सूचनापत्रात लिहिलं होतं : 'उत्तरांबाबत विद्यार्थ्यांशी चर्चा करू नये.' मुलाची चांगली सवय त्या दिवशी लक्षण म्हणून नोंदली गेली आणि ती नोंद माझ्या हातून झाली. मला ते अजून खुपतं.

हेच वाक्य उलट अनुवादाच्या परीक्षेत उत्तम गुणांनी पास झालं असणार. 'गोष्टी खऱ्या नाहीत' हे पुन्हा इंग्रजीत न्या, मूळ वाक्य शब्दाला शब्द परत येतं. अनुवाद तपासणाऱ्या समितीतल्या कुणाला शंका येण्याचं कारणच नाही. उलट अनुवाद करणारा माणूस दोन्ही भाषांत मुरलेला असतो. मोडक्या वाक्यातूनही मूळ काय असेल हे त्याला ओळखता येतं, आणि तो नकळत ते दुरुस्त करून टाकतो. तो मोठा माणूसही असतो. 'गोष्ट' म्हटल्यावर त्याला 'बाब' आठवते, मुलाला आजीची गोष्ट आठवते. हा फरक इंग्रजीत जाऊन परत येणाऱ्या वाक्यात दिसत नाही, तो फक्त मुलाच्या शेजारी बसल्यावर दिसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे : मूल प्रश्न कसा समजून घेतं हे पाहिल्याशिवाय त्या प्रश्नाचे गुण मोजू नका. बाकी जे लिहिते आहे ते याच म्हणण्याच्या पोटातलं आहे.

स्केअर्डबद्दलच थोडं बोलते, कारण तीच सर्वांत जास्त वेळा माझ्या टेबलावर येते. मनोविकारतज्ज्ञ बोरिस बर्माहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९७ मध्ये प्रसिद्ध केली तेव्हा तिच्यात ३८ वाक्यं होती. १९९९ मध्ये ती ४१ झाली आणि आज सगळे वापरतात ते हेच रूप. प्रत्येक वाक्याला ०, १ किंवा २ गुण, म्हणजे एकूण ८२. आठ ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी ती आहे आणि पालकांसाठी वेगळा फॉर्म आहे. आत पाच गट आहेत : पॅनिक आणि शारीरिक लक्षणं, सर्वसाधारण चिंता, आईवडिलांपासून दुरावण्याची चिंता, लोकांत वावरण्याची भीती आणि शाळा टाळणं.

यातला सर्वसाधारण चिंतेचा गट बघा. त्यात नऊ वाक्यं आहेत. नऊपैकी आठ वाक्यं इंग्रजीतल्या ज्या एका शब्दावर उभी आहेत, त्याला आपण बिनदिक्कत 'काळजी' म्हणतो. उरलेलं एक वाक्य 'मी नर्व्हस असतो' अशा अर्थाचं. म्हणजे अख्खा गट दोन शब्दांवर तोललेला आहे, आणि हे दोन्ही शब्द मराठीत फसवे आहेत.

'काळजी' आपल्याकडे करतात आणि घेतातही. काळजी घेणं हा गुण, काळजी करणं हा त्रास, पण मुलाच्या कानाला दोन्ही एकाच घरातले शब्द. 'तुला कुणाची काही काळजी आहे का?' हे रागावून विचारलेलं वाक्य प्रत्येक मुलाने ऐकलेलं असतं, आणि त्यात काळजी नसणं हा दोष असतो. आता त्याच मुलापुढे 'मी काम नीट होईल की नाही याची काळजी करतो' असं वाक्य ठेवा. शहाणं, आज्ञाधारक मूल 'अगदी खरं' यावर खूण करणारच. एका मुलीला मी विचारलं, 'लोक म्हणतात की मी फार काळजी करते' याला तू दोन का दिलेस? ती अभिमानाने म्हणाली, 'सगळे म्हणतात, मी लहान भावाची खूप काळजी करते.'

'नर्व्हस'चा प्रकार तर आणखी सरळ आहे. आपण हा शब्द इंग्रजीतून घेतला आणि वाटेत त्याचा अर्थ बदलला. 'मॅच हरलो म्हणून नर्व्हस झालो' असं आपण सहज म्हणतो, म्हणजे हिरमुसलो, खट्टू झालो. चिंतेच्या प्रश्नाला मूल उदासीचं उत्तर देतं. 'हा शब्द मुलांना माहीत आहे' असा शेरा मारून तज्ज्ञ समिती पुढे जाते. मुलांना शब्द माहीत आहे हे खरंच, फक्त तो वेगळा माहीत आहे.

मग मुलं काय म्हणतात? मी वर्षानुवर्षं ऐकते ते असं : 'डोक्यात तेच तेच येतं.' 'विचार थांबतच नाहीत.' 'पोटात कसंतरीच होतं.' 'छातीत धडधडतं.' थोडी मोठी मुलं 'टेन्शन येतं' म्हणतात, आणि हा शब्द चिंतेच्या पुष्कळ जवळचा आहे. शुद्ध मराठीच्या हट्टापायी तो गाळून 'तणाव जाणवतो' असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. तणाव जाणवलेलं चौथीतलं मूल मला अजून भेटायचं आहे.

यावर कुणी म्हणेल, मग मुलांची बोली घ्या आणि टाका सगळीकडे. तेही सरसकट करू नका. 'पोटात गोळा येणं' सुरेख आहे, पण पंधरा वर्षांच्या मुलाला कळतं तसं आठ वर्षांच्याला कळेलच असं नाही. तो खरोखरच्या गोळ्याबद्दल बोलू लागतो. शिवाय वाक्य इतकंही आपलंसं करू नये की मूळ प्रश्नच बदलून जाईल. शब्द बदलला की मूळ प्रश्नावलीच्या कर्त्यांना कळवायचं, बदल का केला ते लिहून ठेवायचं. परवानगी तर आधीच घ्यायला हवी, ते वेगळं सांगायला नको.

व्याकरणाचीही एक अडचण आहे, ती फक्त आपली. इंग्रजीतल्या 'मी'ला लिंग नसतं, मराठीत क्रियापद ते उघड करतं. म्हणून फॉर्मवर 'मी घाबरतो/घाबरते', 'मी एकटा/एकटी असताना' अशी तिरप्या रेघांची रांग लागते. नुकतं सलग वाचायला लागलेलं मूल त्या रेघांना अडखळतं, दोन्ही शब्द मोठ्याने वाचतं आणि वाक्याचा अर्थ वाटेत सांडतो. याला सोपा उपाय भाषेतच आहे : 'मला भीती वाटते', 'माझी छाती धडधडते'. अशी वाक्यं मुलाला आणि मुलीला सारखीच लागू पडतात. जिथे जमत नाही तिथे मुलांचा आणि मुलींचा फॉर्म वेगळा छापा. कागद थोडा जास्त लागेल, एवढंच.

उत्तरांच्या पर्यायांकडे तर कुणी लक्षच देत नाही. मूळात तीन पर्याय आहेत आणि प्रत्येकात खरेपणा आणि वारंवारता दोन्ही एकत्र आहेत : खरं नाही किंवा क्वचितच खरं, थोडंफार खरं किंवा कधीकधी खरं, अगदी खरं किंवा अनेकदा खरं. एकेचाळीस वाक्यांत एखादं बिघडलं तर एका वाक्याचं नुकसान होतं. पर्याय बिघडले तर एकेचाळीसही बिघडतात. 'क्वचितच' हा शब्द लहान मुलांना वापरून माहीत नसतो. आणि 'खरं नाही' म्हणजे 'खोटं', खोटं बोलणं वाईट, हा धडा त्यांनी पक्का गिरवलेला असतो. 'मी खोटं नाही बोलत हं,' असं म्हणत शून्याच्या चौकोनापासून हात मागे घेणारी मुलं मी पाहिली आहेत. 'गेल्या तीन महिन्यांत' हेही असंच. मुलाला तीन महिने मोजता येत नाहीत. 'सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हापासून' असं काही सांगितलं की ते लगेच हिशोब लावतं.

हे सगळं शोधून काढण्याची पद्धत तुम्हाला माहीत आहे. तिची नावंही तुमच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुवादपद्धतीतसुद्धा अनुवाद, तज्ज्ञांचं मंडळ आणि उलट अनुवाद यांच्यानंतर एक पायरी आहे : ज्यांच्यासाठी प्रश्नावली आहे त्यांच्यातल्याच काही जणांसमोर ती ठेवून, त्यांनी काय अर्थ लावला हे एकेकाला विचारणं. व्यवहारात मात्र या पायरीच्या जागी 'पायलट अभ्यास' येतो. तीस मुलांकडून फॉर्म भरून घेतले, किती मिनिटं लागली ते लिहिलं, 'विद्यार्थ्यांना कोणतीही अडचण आली नाही' असं वाक्य टाकलं, संपलं. माझ्या त्या मुलालाही काही अडचण आली नव्हती. त्याने प्रश्न वाचला, समजला आणि उत्तर दिलं.

म्हणून एकेका मुलाजवळ बसा. वाक्य वाचून झाल्यावर विचारा : हे तुझ्या शब्दांत सांग. असं शेवटचं कधी झालं होतं? दोन का दिलेस, एक का नाही? दहा-पंधरा मुलं पुरतात, पण त्यात सर्वांत लहान वयाची, वाचनात मागे असलेली मुलं हवीत. वर्गशिक्षक निवडून देतात ती चुणचुणीत मुलं घेऊन चालणार नाही. एक फेरी झाली की वाक्यं बदला आणि नव्या मुलांसोबत दुसरी फेरी करा. दुरुस्त केलेलं वाक्य न तपासताच छापणं ही नेहमीची चूक आहे. माझ्या अंदाजाने हे काम दोन आठवड्यांत होतं.

आता गाइड आणि परीक्षकांना एक विनंती. प्रबंधाच्या सारांशात क्रॉनबॅक अल्फा ०.९० च्या घरात दिसला की 'मराठी रूप विश्वसनीय आणि वैध आढळले' असं वाक्य येतं आणि तुम्ही ते जाऊ देता. अल्फा एवढंच सांगतो की वाक्यांची उत्तरं एकमेकांच्या सोबतीने वरखाली होतात. वाक्यांची संख्या वाढली की तोही वाढतो, आणि इथे तर ४१ वाक्यं आहेत. काळजीची ती आठ वाक्यं आठवा. मुलाने आठही ठिकाणी 'काळजी' म्हणजे जबाबदारपणा असा अर्थ घेतला, तर आठही गुण एकत्र वर जातील आणि अल्फा फार देखणा येईल. आपण चिंता मोजली की चांगुलपणा, याबद्दल तो आकडा एक शब्द बोलत नाही. वैधता वेगळ्याने सिद्ध करावी लागते. प्रश्नावलीचे गुण न पाहिलेल्या, प्रशिक्षित माणसाने मुलाची आणि पालकांची निदानासाठीची रचनाबद्ध मुलाखत घ्यायची आणि मग दोन्ही ताडून पाहायचं. हे खर्चिक आहे, वेळखाऊ आहे, मान्य. पण ते झालं नसेल तर 'वैध' हा शब्द वापरू नये, इतकं तरी तुमच्या हातात आहे.

आणि कट-ऑफ, म्हणजे ज्या गुणांपासून पुढे मुलाला चिंताविकार असू शकतो असं धरतात ती रेषा. माझं सर्वांत मोठं दुखणं इथे आहे, कारण कट-ऑफच्या वर गेलेल्या मुलांची यादी शेवटी माझ्याच हातात दिली जाते.

२५ हा आकडा सगळे वापरतात. मूळ अभ्यासातली मुलं आधीच मनोविकारांच्या क्लिनिकमध्ये आलेली होती, १९९७ च्या त्या पहिल्या नमुन्यात ३४१ मुलं होती. म्हणजे काही ना काही त्रास असलेल्या मुलांमधून चिंतेची मुलं वेगळी काढण्यासाठी ती रेषा आखली गेली. तीच रेषा आपण दुसऱ्या भाषेत, बदललेल्या शब्दांवर, सर्वसाधारण वर्गातल्या मुलांना लावतो. हातातली फूटपट्टी दुसरी आहे, पण खूण जुन्याच फूटपट्टीवरची.

समजा तरीही चाचणी चांगली निघाली. आजारी मुलांपैकी ८० टक्के ती पकडते आणि निरोगी मुलांपैकी ८० टक्के बरोबर सोडून देते. २०१५ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात मुलांमधल्या चिंताविकारांचं प्रमाण ६.५ टक्के आलं. तेच धरू. हजार मुलांत ६५ जणांना विकार. त्यातले ५२ सापडतील, १३ सुटतील. उरलेल्या ९३५ निरोगी मुलांपैकी १८७ जणांवरही चाचणी बोट ठेवेल. माझ्या हातात २३९ नावांची यादी येईल आणि त्यात खरे आजारी ५२. दर पाच नावांत जेमतेम एक. हा चाचणीचा दोष नाही, चाळणीचा हा धर्मच आहे. पण शाळेला, पालकांना हे कोण सांगतं? यादीचं शीर्षक मी वाचलेलं आहे : 'चिंताग्रस्त विद्यार्थी'. ते वाचून शिक्षकांच्या खोलीत त्या मुलांबद्दल कसं बोलणं सुरू झालं, तेही ऐकलेलं आहे.

म्हणून कट-ऑफ आपल्या मुलांच्या माहितीवरून काढा. त्यासाठी मुलाखती फक्त जास्त गुणांच्या मुलांच्या घेऊ नका, कमी गुणांच्या मुलांमधूनही काही जण निवडून त्यांच्याही घ्या. नाहीतर सुटलेले ते १३ जण कुणाला कधी दिसणारच नाहीत आणि संवेदनशीलतेचा, म्हणजे आजारी मुलांपैकी किती पकडली याचा, आकडा उगाच फुगेल. त्या १३ मधली मुलं मला आठवतात. गप्प, नीटनेटकी, कुणाला त्रास न देणारी, सगळीकडे शून्य लिहून फॉर्म सर्वांत आधी परत करणारी.

पालकांच्या फॉर्मबद्दल थोडक्यात. पालक आणि मूल यांची उत्तरं जुळली नाहीत की 'माहितीत विसंगती' म्हणून अनेक जण ती नोंद काढून टाकतात. काढू नका. मुलांच्या वर्तनाबद्दल वेगवेगळ्या लोकांनी दिलेल्या माहितीचा मोठा आढावा १९८७ मध्येच झाला आहे. त्यात मूल स्वतः आणि इतर जण यांच्या उत्तरांतला सरासरी सहसंबंध ०.२२ निघाला, पूर्ण जुळली असती तर तो १ आला असता. म्हणजे न जुळणं हेच नेहमीचं. आईला रडणं दिसतं, धडधड दिसत नाही. दोघांचं ऐकून घ्यायचं असतं.

मला कुणाचं काम हलकं लेखायचं नाही. मराठीत अशा प्रश्नावल्या हव्यातच. आठ ते अठरा वयोगटातल्या मुलांची चिंतेसाठी चाळणी करावी अशी शिफारस अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या कृतिगटाने ऑक्टोबर २०२२ मध्ये केली, तेव्हापासून मागणी वाढली आहे. याच कृतिगटाने सात वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी पुरेसा पुरावा नाही, असंही तेव्हाच म्हटलं होतं. तरी पहिली-दुसरीच्या वर्गांसाठी फॉर्म येतात. ते मी यापुढे वाटणार नाही, हे इथे सांगून ठेवते.

आणि ज्या अभ्यासात 'जास्त गुण आलेल्या मुलाचं पुढे काय' या प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं नाही, तोही मी घेणार नाही. कोण भेटणार, किती दिवसांत भेटणार, पालकांशी कोण बोलणार, हे फॉर्म छापण्याआधी ठरलेलं हवं. एखाद्या मुलाने पहिल्यांदाच कुठेतरी लिहून दिलेलं असतं की त्याला रात्री भीती वाटते. त्याला वाटतं आता कुणीतरी येईल. तो माझ्या खोलीच्या दारावरून दोनदा-तीनदा जातो. त्याचा फॉर्म तोवर दुसरीकडे कुठेतरी एका रकान्यात भरला गेलेला असतो, नावाऐवजी क्रमांकाने.

तुमच्या प्रबंधांच्या परिशिष्टात अंतिम मराठी वाक्यं पूर्ण छापा. परवानगीमुळे ते शक्य नसेल तर निदान कोणती वाक्यं का बदलली, मुलं कुठे चुकीचं समजली, हे तरी लिहा. दर दोन वर्षांनी कुणीतरी नव्याने अनुवाद करतं आणि त्याच 'गोष्टी'पाशी अडखळतं, कारण आधीच्याला काय अडलं होतं ते कुठे नोंदलेलंच नाही.

'आजूबाजूचं सगळं स्वप्नात चालल्यासारखं वाटतं' हे वाक्य मी त्यानंतर बऱ्याच मुलांना वाचून दाखवलं आहे. बहुतेक जण सरळ 'नाही' म्हणाले. एका मुलीने माझ्याकडे बघून विचारलं, 'हे तुम्हाला कसं कळलं?' तिच्याशी मग मी तासभर बोलले. हे वाक्य तुमच्यापैकी ज्यांना हवं असेल त्यांनी घ्यावं, तपासावं, पटलं नाही तर बदलावं. माझी खोली दुपारी मोकळी असते. मसुदा घेऊन या, पालकांची संमती घेऊन या, मुलांशेजारी आपण दोघं बसू.

आपली,
एक शालेय समुपदेशक